विश्लेषण : फिश टँकमध्ये आपोआप आलेली समुद्री गोगलगाय शिकारी आहे का, हे कसं ओळखायचं?

रात्रीचे अकरा वाजलेत. टँकचे दिवे बंद आहेत. खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणारा एखादा हौशी माणूस झोपण्यापूर्वी सहज टॉर्च मारून आत पाहतो, तर खडकाच्या कडेला एक गोगलगाय सरकताना दिसते. ती त्याने कधी विकत आणलेलीच नव्हती. गेल्या दोन आठवड्यांत काच साफ ठेवणाऱ्या दोन गोगलगायींचे रिकामे शंख वाळूत पडलेले त्याने पाहिले होते, ते आता आठवतात. मोबाइल निघतो, काचेतून एक फोटो घेतला जातो, सोशल मीडियावरच्या ग्रुपवर पडतो आणि खाली एकच प्रश्न : ‘ही कोणती?’

तासाभरात उत्तरांची रांग लागते. एक म्हणतो, ‘व्हेल्क आहे, आजच बाहेर काढा.’ दुसरा म्हणतो, ‘नासारियस आहे, फायद्याची आहे, राहू द्या.’ तिसरा म्हणतो, ‘कोन स्नेल वाटतेय, हात लावू नका, माणूस मरतो.’ फोटो एकच आणि सल्ले तीन. त्यातला पहिला चुकला तर एक निरुपद्रवी जीव हकनाक मरेल. दुसरा चुकला तर टँक हळूहळू रिकामा होईल. तिसऱ्याकडे दुर्लक्ष केलं आणि तो खरा निघाला, तर प्रश्न टँकचा राहत नाही, टँकमध्ये हात घालणाऱ्याचा होतो.

गोगलगायीची नेमकी प्रजात फोटोवरून ठरवणं तज्ज्ञांनाही अनेकदा जमत नाही. पण टँक सांभाळणाऱ्याला खरं तर दोनच गोष्टी तातडीने हव्या असतात. ती मांस खाते की शेवाळ? आणि तिच्यापासून माणसाला धोका आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं घरबसल्या बऱ्याच अंशी मिळू शकतात. फक्त कुठे पाहायचं हे माहीत हवं. बहुतेक जण पाहतात रंग आणि नक्षी. आणि नेमका तोच पुरावा सगळ्यात कच्चा असतो.

न आणता ती टँकमध्ये आली कशी?

समुद्री टँकमध्ये खडक, वाळू, प्रवाळाचे तुकडे, समुद्री शेवाळ अशा अनेक गोष्टी बाहेरून येतात. समुद्रातून काढलेल्या खडकाला या छंदात ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, कारण त्याच्या भेगांमध्ये जिवाणू, किडे, स्पंज, छोटे खेकडे असं एक अख्खं जग राहत असतं. गोगलगायीची पिल्लं किंवा खडकाला चिकटलेल्या अंड्यांच्या पिशव्या त्यातूनच येतात. तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू भेगेत बसलेलं असेल, तर ते दिसतही नाही. त्यात शिकारी गोगलगायी बहुधा रात्री फिरतात आणि दिवसा वाळूत किंवा खडकाखाली दडतात. म्हणून टँक लावून अनेक महिने उलटल्यावर एके दिवशी अंगठ्याएवढी गोगलगाय ‘अचानक’ दिसते. ती अचानक आलेली नसते, ती तिथेच वाढलेली असते.

पण ती गोगलगायच आहे ना?

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण ओळख पटवण्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी. शंख हलतोय म्हणजे आत गोगलगाय आहे असं नाही. शंखाखालून सांध्यांचे पाय आणि नांग्या दिसत असतील, तर आत शंखवासी खेकडा आहे, ज्याला इंग्रजीत हर्मिट क्रॅब म्हणतात. आणि हा खेकडा स्वतःही संशयित असतो. नवीन, मोठ्या शंखासाठी तो कधी कधी आतल्या गोगलगायीला मारून घर बळकावतो. त्यामुळे वाळूत रिकामे शंख सापडले म्हणून लगेच गोगलगायीवर आरोप ठेवता येत नाही.

दुसरी गफलत याहून जास्त वेळा होते. सकाळी उठून पाहावं तर मेलेल्या गोगलगायीवर दुसरी गोगलगाय चढून बसलेली असते. निष्कर्ष निघतो, ‘हिनेच मारलं.’ पण गोगलगायी इतर कारणांनीही मरतात. पाण्याच्या क्षारतेत एकदम झालेला बदल, माशांच्या औषधातलं तांबं, किंवा टँकमधलं शेवाळ संपल्यामुळे झालेली उपासमार ही त्यातली नेहमीची कारणं. मेलेल्या जिवाचा वास आला की सफाई करणाऱ्या गोगलगायी तिथे जमतात. प्रेताजवळ सापडलेला प्रत्येक जण खुनी नसतो.

पहिली खूण : देवघरातल्या शंखाकडे पाहा

शिकारी गोगलगायीची सगळ्यात उपयोगी खूण समजून घ्यायची असेल, तर मराठी घरात एक नमुना बहुतेक वेळा हाताशी असतो. तो म्हणजे पूजेचा शंख. अभिषेकाच्या वेळी ज्या निमुळत्या टोकातून पाण्याची धार पडते, ते टोक पाहा. तिथे शंखाचं तोंड लांबट होऊन त्याची पन्हळ झालेली असते. ही पन्हळ धार धरण्यासाठी बनलेली नाही. शंखातला जीव जिवंत असताना त्यातून आपली मऊ श्वासनळी बाहेर काढत असे.

ही नळी पाणी आत ओढून कल्ल्यांपर्यंत नेते. म्हणजे तिने श्वास चालतो, पण तेवढंच नाही. आत येणाऱ्या पाण्याचा ‘वास’ घेणारं इंद्रिय कल्ल्याजवळ असतं. नळी डावी-उजवीकडे फिरवून गोगलगाय कुठल्या बाजूने भक्ष्याचा वास येतोय ते ताडते. वाळूत पुरून घेतलं, तरी नळी तेवढी वर ठेवता येते. शिकाऱ्यासाठी याहून सोयीचं काय असणार? पूजेच्या शंखातला मूळ जीव, ज्याचं शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम, हाही मांसाहारीच. भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर, विशेषतः मन्नारच्या आखातात, तो वाळूतले किडे खाऊन जगतो.

आता टँकमधल्या गोगलगायीकडे वळू. तिच्या शंखाच्या तोंडाला पुढच्या बाजूला पन्हळ किंवा ठळक खाच असेल आणि त्यातून नळी बाहेर येऊन हलत असेल, तर ती मांसाहारी असण्याची शक्यता बरीच वाढते. व्हेल्क, म्युरेक्स, कोन, नासारियस या सगळ्या याच गटातल्या. याउलट काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या टर्बो, ट्रोकस किंवा नेराइट गोगलगायींच्या शंखाचं तोंड साधारण गोल किंवा अर्धगोल असतं. तिथे ना खाच असते, ना पन्हळ.

गोगलगाय अंग आत ओढते तेव्हा दार लावावं तसं एक झाकण लागतं. तेही पाहण्यासारखं असतं. टर्बोचं झाकण गोल, जाड, चुन्याचं, बटणासारखं असतं. व्हेल्क आणि म्युरेक्स गटात ते बहुधा तपकिरी, नखासारखं चिवट आणि लांबट असतं.

मग पन्हळ दिसली की शिकारी, असं समजायचं का?

नाही. नियम उपयोगी आहे, पण तो दोन्ही बाजूंनी मोडतो.

पन्हळ किंवा खाच असूनही निरुपद्रवी असलेल्या गोगलगायी अनेक आहेत. वाळू आणि खडक साफ करणारी लांबट सेरिथ ही त्यातली एक. तिच्या शंखाला आखूड पन्हळ असते, पण ती शेवाळ आणि कुजका गाळ खाते. स्ट्रॉम्बस जातीच्या गोगलगायी शाकाहारी असतात. ज्यांच्या कवड्यांनी सारीपाट खेळले गेले, त्या कवडीच्या जिवाच्या शंखाला दोन्ही टोकांना खाच असते. त्या कुळातल्या काही प्रजाती शेवाळ खातात, तर काही स्पंजांवर किंवा मऊ प्रवाळावर जगतात.

नासारियसची गोष्ट आणखी वेगळी. तिची नळी लांब असते, ती मांस खाते, पण बहुतांश मेलेलं. ती दिवसभर वाळूत पुरून बसते, माशांचं खाणं पाण्यात पडलं की क्षणात वाळूतून वर उसळते आणि उरलेले तुकडे संपवते. टँकसाठी ती वरदान आहे. व्हेल्क समजून सर्वात जास्त बळी जातो तो तिचाच. तिच्या अनेक प्रजातींच्या पायाचं मागचं टोक दुभंगलेलं असतं, दोन छोट्या शेपट्यांसारखं. ती काचेवर चढली की खालून ही खूण दिसू शकते.

दुसऱ्या बाजूला पन्हळ नसलेले शिकारीही आहेत. मून स्नेलचा शंख गुळगुळीत, गोलसर, तोंड रुंद. दिसायला अगदी साधी. पण ती वाळूखालून सरकत जाऊन शिंपले फोडते. हेलिअॅकस नावाची, काळ्या-पांढऱ्या चौकडीच्या भोवऱ्यासारखी दिसणारी देखणी गोगलगाय झोअँथिड नावाच्या फुलासारख्या प्राण्यांच्या वसाहती खाते. एपिटोनियम कुळातल्या पांढऱ्या किंवा पिवळ्या गोगलगायी समुद्रफुलं आणि प्रवाळांवर जगतात. पायरामिडेलिड तर तांदळाच्या कणीएवढ्या. त्या शिंपल्याच्या कडेला किंवा टर्बोच्या शंखावर बसून सोंडेने अंगरस शोषतात. एक-दोन असतील तर कळतही नाही. शेकड्यांनी झाल्या की धडधाकट दिसणारा शिंपला खंगत जातो.

म्हणूनच फक्त शंख पाहून निकाल देता येत नाही. दुसरा पुरावा लागतो.

दुसरी खूण : गुन्ह्याची जागा काय सांगते?

अलिबाग, मुरुड, दापोली किंवा मालवणच्या किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या मुलांना एक गोष्ट नेहमी सापडते. शिंपल्याला एक सुबक गोल भोक असतं, जणू कुणी माळेत ओवण्यासाठी मुद्दाम पाडलंय. ते भोक बहुधा शिकारी गोगलगायीने पाडलेलं असतं. ती शिंपल्यावर बसते, एका विशेष इंद्रियातून पाझरणाऱ्या रसाने कवच मऊ करते आणि जिभेवरच्या दातांच्या पट्टीने थोडं थोडं खरवडते. आरपार जायला अनेक तास लागतात, कधी दिवसही. मग भोकातून सोंड घालून ती आतलं मांस खाते.

या भोकाचा आकारही साक्ष देतो. भोक वरून रुंद आणि आत निमुळतं, वाटीसारखं असेल, तर संशय मून स्नेलवर. भोकाच्या भिंती सरळ, गिरमिटाने पाडल्यासारख्या असतील, तर म्युरेक्स गटावर. टँकमध्ये मेलेल्या गोगलगायीचा शंख किंवा शिंपला फेकून देण्याआधी भिंगाखाली पाहणं म्हणूनच महत्त्वाचं. असं भोक सापडलं, तर उपासमार, औषध आणि खेकडा या शक्यता मागे पडतात.

पण भोक नसेल म्हणून शिकारी नाहीच, असंही नाही. अनेक व्हेल्क भोक न पाडता शंखाच्या तोंडातूनच सोंड आत सारतात.

प्रवाळांवरची साक्ष वेगळी असते. ड्रुपेला नावाची खडबडीत, गाठी-गाठींची गोगलगाय फांद्यांच्या प्रवाळाचं मांस खरवडून खाते आणि मागे पांढराफटक सांगाडा सोडते. दिवसा ती फांदीच्या बुडाशी दडते. तिच्या शंखावर गुलाबी चुनखडी शेवाळ चढलेलं असतं, त्यामुळे ती खडकाचाच भाग वाटते. ही गोगलगाय काय करू शकते, हे १९८०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालू प्रवाळभिंतीवर दिसलं. तिथे तिची संख्या प्रचंड वाढली आणि प्रवाळाचे मोठमोठे पट्टे मेले.

प्रत्येक मांसाहारी गोगलगाय नकोशी असते असंही नाही. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची छोटी ‘बंबलबी’ गोगलगाय वाळूतले किडे खाते, म्हणून काही जण ती पैसे देऊन आणतात. ‘शिकारी आहे का’ हा प्रश्न खरं तर अर्धाच आहे. ‘शिकार कुणाची करते’ हा उरलेला अर्धा.

शंकूसारखा शंख दिसला तर?

इथे मात्र ओळख पटवण्याआधी सावधगिरी. शंख शंकूच्या आकाराचा, वरचं टोक रुंद आणि बसकं, खाली निमुळता होत गेलेला आणि तोंड म्हणजे पूर्ण लांबीची एक अरुंद फट, असं चित्र दिसलं तर तिला कोन स्नेल समजूनच वागावं. चुकीचं ठरलं तर नुकसान काहीच नाही.

कोन स्नेलच्या ७०० हून अधिक प्रजाती आहेत. त्यातल्या बहुतेक किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी आणि थोड्या मासे. संथ चालणारी गोगलगाय चपळ मासा पकडते, कारण तिच्याकडे भाला आहे. तिचा दात पोकळ, काटेरी आणि विषाने भरलेला असतो. सोंडेच्या टोकातून तो भक्ष्यात घुसतो आणि मासा जागच्या जागी लुळा पडतो.

माणसासाठी सर्वात घातक ठरलेली प्रजात म्हणजे कोनस जिऑग्राफस. हिंद आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळांमध्ये ती राहते. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हेमन बेटावर एका तरुणाने असा शंख हातात धरला होता. दंश झाल्यावर काही तासांत त्याचा मृत्यू झाला. दंश सुरुवातीला फारसा दुखत नाही, हीच यातली फसवी बाब. मग बधिरपणा, धूसर दिसणं, स्नायू लुळे पडणं आणि शेवटी श्वास थांबणं. या विषावर उतारा उपलब्ध नाही. रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवून विष ओसरण्याची वाट पाहणं हाच उपचार. त्यामुळे दंशाचा नुसता संशय आला, तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता तो अवयव न हलवता लगेच अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठावं लागतं.

‘शंखाच्या रुंद बाजूने धरलं तर काही होत नाही’ हा सल्ला ग्रुपवर हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. सोंड लांब ताणली जाते आणि शंखाच्या मागच्या भागापर्यंत पोचू शकते. पातळ हातमोजेही भरवशाचे नाहीत. जिवंत कोन स्नेल धरण्याची सुरक्षित बाजूच नसते.

याच विषाने माणसाचं भलंही केलं आहे. फिलिपिन्समध्ये जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोन स्नेलच्या विषातले घटक वेगळे केले. कोनस मेगस या प्रजातीतल्या एका घटकाची कृत्रिम प्रत म्हणजे झिकोनोटाइड हे वेदनाशामक. अमेरिकेत २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र वेदनांसाठी ते थेट पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात सोडलं जातं. २०१५ मध्ये तर कोनस जिऑग्राफसच्या विषात चक्क एक प्रकारचं इन्सुलिन सापडलं. माशांच्या रक्तातली साखर एकदम खाली आणून त्यांना गलितगात्र करण्यासाठी ही गोगलगाय ते वापरते.

फोटोवरून किंवा ॲपवरून ओळख का चुकते?

याची कारणं चार. पहिलं, टँकमध्ये वाढलेल्या शंखावर शेवाळाचा थर चढतो आणि मूळ रंग-नक्षी झाकली जाते. दुसरं, पिल्लाचा शंख आणि प्रौढाचा शंख यांत पुष्कळ फरक असतो. तिसरं, टँकच्या निळ्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोत रंगांचा भरवसा राहत नाही. चौथं आणि महत्त्वाचं, काचेवर बसलेल्या गोगलगायीचा फोटो घाईत वरून किंवा बाजूने काढला जातो. त्यात शंखाची पाठ दिसते, तोंड दिसत नाही. ज्या पन्हळीवर आणि झाकणावर अर्धा निकाल अवलंबून, तेच फोटोत नसतं. मग ॲप असो वा माणूस, उत्तर अंदाजानेच देणार.

नेमकी प्रजात ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ जिभेवरच्या दातांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, गरज पडली तर डीएनए तपासतात. घरी ते शक्य नाही. पण प्रश्न नीट विचारला, तर उत्तराची गुणवत्ता बरीच सुधारते. त्यासाठी या गोष्टी लागतात :

• पांढऱ्या उजेडात शंखाच्या तोंडाच्या बाजूचा फोटो. गोगलगाय काचेवर चढली की तो बाहेरूनच मिळतो, हात घालावा लागत नाही.

• शंखाची पाठ आणि टोक यांचा वेगळा फोटो, शेजारी काचेबाहेर धरलेली मोजपट्टी.

• जिवंत प्राण्याचा व्हिडिओ : नळी दिसते का, पायाचा रंग कोणता, शेपूट दुभंगलेली आहे का.

• माहिती : खडक किंवा प्रवाळ कुठल्या समुद्रातून आलं, गोगलगाय किती वाजता दिसते, कशावर बसलेली असते, टँकमधलं काय काय मेलं आणि त्याला भोक आहे का.

आयनॅचरलिस्टसारख्या नागरिक-विज्ञानाच्या मंचावर अशी पूर्ण नोंद टाकली, तर शंखशिंपल्यांचे जाणकार ती पाहण्याची शक्यता असते. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन समुद्री जीव ओळखायला शिकवतो. तिथे पहिला धडा हाच असतो, की पाहायचं, नोंदवायचं, पण उचलायचं नाही. टँकसमोरही तोच लागू पडतो.

तोवर टँकमध्ये काय करायचं?

घाबरून मारण्याची गरज नाही आणि दुर्लक्ष करण्याचीही नाही. गोगलगाय वेगळी ठेवणं हा मधला मार्ग. लांब चिमट्याने किंवा डब्यानेच तिला उचलावं आणि भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात, त्याच टँकच्या पाण्यात टांगून ठेवावं. समोर एका बाजूला शेवाळाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला कोळंबीचा. काही दिवसांत ती कशाकडे वळते ते दिसतं. शेवाळ खरवडत राहिली तर प्रश्न मिटला. कोळंबीवर तुटून पडली तर ती मांसाहारी आहे एवढं कळतं, पण शिकारी की सफाई कामगार हे अजून कळत नाही. त्यासाठी दुसरीकडे लक्ष ठेवावं लागतं. ती बंदिस्त असताना टँकमधले मृत्यू थांबले का? थांबले, तर संशय पक्का. चालूच राहिले, तर आरोपी दुसराच कुणीतरी आहे.

नकोशी गोगलगाय समुद्रात सोडली तर बिघडलं कुठे?

मारवत नाही, ठेववत नाही, म्हणून ‘जिथली तिथे’ सोडावी असं अनेकांना वाटतं. पण टँकमधला जीव बहुधा त्या किनाऱ्याचा नसतोच. आणि शिकारी गोगलगाय चुकीच्या समुद्रात गेली तर काय होतं, याचं उदाहरण काळ्या समुद्रात आहे. मूळची जपान, कोरिया आणि चीनच्या किनाऱ्यांवरची रापाना वेनोसा ही गोगलगाय १९४०च्या दशकात तिथे आढळली. तिला खाणारं तिथे फारसं कुणी नव्हतं. काळ्या समुद्रातले गुदाउता इथले कालवांचे प्रसिद्ध साठे तिने पार उद्ध्वस्त केले. १९९८ मध्ये ती अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात सापडली, तेव्हा व्हर्जिनियातल्या सागरविज्ञान संस्थेने ती आणून देणाऱ्या मच्छीमारांना बक्षीस देऊ केलं. कुठवर पसरलीय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

रापाना बहुधा जहाजांच्या पाण्यातून गेली, घरच्या टँकमधून नव्हे. पण टँकमधून सुटलेल्या जिवांनीही हेच केलं आहे. मत्स्यालयात सजावटीसाठी वापरलं जाणारं कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसलं आणि पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर पसरत गेलं. २००० मध्ये तेच कॅलिफोर्नियात सापडलं. तिथे ते वेळीच ओळखलं गेलं आणि काही वर्षांच्या खर्चिक मोहिमेनंतर उखडून टाकता आलं. दोन्ही ठिकाणी शेवाळ एकच होतं. फरक पडला तो ओळख किती लवकर पटली यामुळे.

म्हणून नकोशी गोगलगाय, टँकचं पाणी आणि खडक यांपैकी काहीही समुद्रात, खाडीत किंवा नाल्यात सोडू नये. वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवणं किंवा जिथून माल आणला त्या दुकानदाराला परत देणं हे पर्याय आहेत.

भारतात या सगळ्याला कायद्याची बाजू कोणती?

अमेरिका-युरोपातले व्हिडिओ पाहून भारतात खाऱ्या पाण्याचा टँक लावणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट अनेकदा येत नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार खडक बांधणारी सर्व प्रवाळं २००१ पासून अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत ती वाघाच्या रांगेत बसतात. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही त्यात आहेत. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अनुसूची १ मधल्या जिवांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

काही गोगलगायी आणि शिंपलेही संरक्षित आहेत. प्रवाळं खाणाऱ्या काटेरी तारामाशाची शिकार करणारा मोठा ट्रायटन शंख, शिरस्त्राणासारखा दिसणारा हेल्मेट शंख आणि राक्षसी शिंपल्यांच्या काही प्रजाती त्यात येतात. कोनस मिल्नएडवर्डसी ही कोन स्नेलही यादीत आहे.

याचा टँकशी संबंध सरळ आहे. भारताच्या समुद्रातून उचललेल्या प्रवाळखडकासोबत अनोळखी गोगलगाय घरात आली असेल, तर पहिला प्रश्न गोगलगायीचा नाही, त्या खडकाचाच आहे. अनेक हौशी लोक आता भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक वापरतात. त्यांतून बिनबुलाया पाहुणाही येत नाही आणि वनखात्याची नोटीसही. संरक्षित प्रजातीची शंका असेल, तर भारतीय प्राणी सर्वेक्षण ही ओळख पटवणारी सरकारी संस्था आहे. तिचं पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे.

थोडक्यात काय?

‘ही कोणती?’ या प्रश्नाखाली आलेल्या दहा उत्तरांपैकी जो आधी विचारतो, ‘शंखाच्या तोंडाचा फोटो आहे का? मेलेल्या गोगलगायीला भोक होतं का?’, त्याचं ऐकावं. बाकीचे नाव सांगतायत, तो पुरावा मागतोय. शंख शंकूसारखा असेल तर मात्र पुराव्याचीही वाट पाहू नये. आधी हात बाहेर, मग बाकीचं.